येऊ नये ही विनंती

कोरियात, सोलमधल्या त्या कंपनीत कायमच्या नोकरदारांच्या गळ्यात निळी पट्टी असायची आणि उन्हाळ्यात आठ आठवड्यांसाठी येणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या गळ्यात नारिंगी. लिफ्टमध्ये कुणाला वाकून नमस्कार करायचा आणि कुणाकडं बघायचंसुद्धा नाही, हे लांबूनच कळावं म्हणून केलेली सोय होती ती. यंदा मार्केटिंगमध्ये नारिंगी पट्ट्या दोन होत्या आणि रिकामी जागा एक.

हे विभागप्रमुख कू साहेबांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाकलं. वर म्हणाले, "दोघी एकमेकींना सांभाळून घ्या हं." दोयॉन म्हणाली, "हो साहेब, नक्की!" मिरान नुसती वाकली, आणि दोयॉनपेक्षा चार बोटं जास्त वाकली.

मिरान सव्वीस वर्षांची होती. तिचे सगळे विषय कधीच सुटले होते, पण पदवी तिनं मुद्दामच घेतली नव्हती. पदवी घेतली की माणूस बेकार ठरतो, न घेतली तर विद्यार्थी राहतो, आणि कंपन्यांना विद्यार्थी चालतात, बेकार चालत नाहीत. म्हणून तिनं पदवी दोनदा पुढं ढकलली होती. कॉलेजनं आता कळवलं होतं की तिसऱ्यांदा ढकलता येणार नाही. ही तिची तिसरी इंटर्नशिप. पहिल्या कंपनीनं निरोपाला हाताला लावायचं क्रीम दिलं होतं. दुसऱ्या कंपनीनं तिचं काम फार आवडल्याचं सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात तो विभागच बंद केला. या उन्हाळ्यात निळी पट्टी मिळाली नाही, तर सप्टेंबरात गावी जोन्जूला परत जाऊन आईच्या दुकानात मुळ्याचं लोणचं आणि मोड आलेल्या कडधान्याच्या भाज्या डब्यांत भरायच्या, हे ठरल्यासारखंच होतं.

दोयॉन तेवीसची. वर्षभर कॅनडातल्या एका विद्यापीठात शिकून मे महिन्यात परतलेली. दात सगळे दिसतील असं हसायची, आणि कुणी काही बोललं की ते त्याच अर्थानं घ्यायची. तिच्या टेबलावर तिकडच्या मित्रमैत्रिणींचा फोटो होता, गुडघाभर बर्फात उभ्या असलेल्या सहा पोरी. मिरानला तो फोटो सलायचा. चार वर्षांपूर्वी परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या यादीत तिचंही नाव लागलं होतं. त्याच महिन्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं, आणि फिनलंडऐवजी मिरान दुकानाच्या गल्ल्यावर बसली. तिच्या जागी गेलेली मुलगी वर्षभर हरणांचे फोटो पाठवत राहिली.

पण खरं सांगायचं तर सुरुवातीला तिचा दोयॉनवर राग नव्हता. कारण दोयॉन आपल्या आपणच तोंडावर पडत होती.

पहिल्याच शुक्रवारी कू साहेबांनी सगळ्या विभागाला जेवायला नेलं. खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "ज्याला जे हवं ते मागवा, लाजू नका. मला आपले साधे काळे नूडल्स." सातही जणांनी काळे नूडल्स मागवले. दोयॉननं मेनूकार्ड दोन्हीकडून वाचलं आणि कोळंबीचा एक असा पदार्थ मागवला की तो यायलाच वीस मिनिटं लागली. तोवर सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या झाल्या होत्या. साहेब दात कोरत बसले. दोयॉन एकटी जेवत होती आणि आठ माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती. ती म्हणाली, "फार छान आहे! कुणाला चव बघायचीय?"

परतताना मिरानच तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अगं बये, साहेब म्हणाले हवं ते मागवा, म्हणजे साहेब मागवतील ते मागवा."

"मग ते तसं का म्हणाले नाहीत?"

"असं कुणी बोलून दाखवतं का?"

"ताई, थांब, हे लिहून घेते." दोयॉननं पिशवीतून पिवळ्या पुठ्ठ्याची छोटी वही काढली आणि रस्त्यातच उभं राहून लिहिलं. "मी वर्षभर तिकडं राहून पार बिघडले बघ. तिकडं हो म्हणजे हो असतं. तू मला सांगत जा हं. माझ्या चुका झाल्या तर सरळ तोंडावर सांग."

मिरान सांगत गेली. टेबलावर चमचे सगळ्यात लहान माणसानं मांडायचे आणि पाणी ओतून झाल्याशिवाय बसायचं नाही. साहेब 'निघा आता, उशीर झाला' म्हणाले तर निघायचं नाही, त्यांनी जाकीट घातल्यावर निघायचं. साहेबांनी 'तुमचं मत मोकळेपणानं सांगा' म्हटलं तर आधी प्यो साहेबांकडं बघायचं. प्यो हे कूंच्या हाताखालचे, चाळिशीकडं झुकलेले, आणि कूंना शिंक येण्याआधी रुमाल पुढं करणारे गृहस्थ. हे सगळं पिवळ्या वहीत गेलं. मिरानला शिकवण्यात मजासुद्धा येऊ लागली होती. हुशार पोरीला अडाणी ठरवून शिकवण्यात जी असते, ती मजा.

कंपनी सुकवलेल्या समुद्री शेवाळाचे कुरकुरीत पापड करायची. दोघींचं रोजचं काम म्हणजे सकाळी चौदा चवींचे पापड चाखून तक्ते भरायचे आणि दुपारी दुकानं हिंडून कुठल्या फळीवर काय मांडलंय ते मोजायचं. मिठानं जीभ फाटायची. संध्याकाळी मिरान आपल्या भाड्याच्या खोलीवर जायची. खोली एवढी की पलंगावर बसून हात लांबवला की दार उघडता यायचं. तिथं ती दुकानांचे आकडे मांडत बसायची. सहाव्या आठवड्यात दोघींना नव्या मालाची कल्पना वरिष्ठांसमोर मांडायची होती. मिरानची पानं साठच्या वर गेली होती.

दोयॉनची तीन होती.

बैठकीत तिनं सांगितलं, "कॅनडात माझ्या खोलीत चार देशांच्या मुली होत्या. मी त्यांना आपले पापड दिले. कुणीच खाईना. विचारलं तर म्हणाल्या, दाताला चिकटतं आणि हसलं की काळं दिसतं. मग मी वैतागून पापड हातानं चुरले आणि मक्याच्या लाह्यांवर टाकले. दहा मिनिटांत भांडं रिकामं झालं. तर माझं म्हणणं, पापड विकूच नका. चुरा विका."

मग शेवटच्या खुर्चीतले संचालक, जे अशा बैठकांत डोळे मिटून बसत, त्यांनी डोळे उघडले. "नाव काय म्हणालीस, मुली?"

मिरानचं नाव कुणी विचारलं नाही. तिची साठ पानं प्यो साहेबांनी चाळली आणि म्हणाले, "कष्ट केलेत हं." या शब्दांचा अर्थ मिरानला पक्का ठाऊक होता. हाताला लावायच्या क्रीमबरोबर हेच शब्द आले होते.

त्या दिवशी जिना उतरताना दोयॉननं तिचा दंड धरला. "ताई, तुझे आकडे नसते तर माझं बोलणं हवेतच गेलं असतं. खरंच." पोरगी मनापासून बोलत होती. मिरानला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. नऊ पायऱ्या होत्या. तिनं मोजल्यासुद्धा.

पुढच्याच शनिवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम निरोप आला. कू साहेबांचे वडील वारले होते. इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनाचा क्रमांक दिला होता, सोमवारी पहाटे अंत्ययात्रा निघेल असं लिहिलं होतं, आणि शेवटी दोन ओळी होत्या: विधी घरगुती स्वरूपात होत आहेत, तरी कृपया कुणीही भेटीस येऊ नये ही नम्र विनंती.

मिरान तेव्हा गल्लीतल्या लाँड्रीत मशीनसमोर बसली होती. निरोप वाचता वाचताच तिनं मनात हिशेब केला. मुलाखतीचा काळा सूट खोलीत दाराला टांगलेला आहे, काळे मोजे घ्यावे लागतील, दहा वाजेपर्यंत पोचता येईल. विनंतीच्या ओळीवर तिची नजर थांबलीसुद्धा नाही. त्या देशात नोकरी केलेलं कुणीही ती ओळ मनावर घेत नाही. वरिष्ठाच्या घरी मयत झाली की जायचं, फोटोपुढं दोनदा वाकायचं, साहेबांपुढं एकदा वाकायचं, आणि आपण धाकटे असलो तर कोट काढून येणाऱ्यांना जेवण वाढायला लागायचं. येऊ नका म्हणणं ही त्यांची रीत असते आणि जाणं ही आपली. कोण आलं होतं हे तिथं लक्षात राहत नाही. कोण आलं नव्हतं हे मात्र माणूस निवृत्त होईपर्यंत लक्षात ठेवतो.

तेवढ्यात दोयॉनचा फोन आला.

"ताई, निरोप वाचलास ना? बिचारे साहेब. मला सांग, आपण जायचं का गं? लिहिलंय तर येऊ नका म्हणून. पण तू म्हणतेस ना, बोलतात एक आणि असतं एक. हे त्यातलं आहे की खरंच नका येऊ?"

मशीनमध्ये मिरानचे कपडे गरगर फिरत होते. तिनं चांगला श्वास घेतला. त्या एका श्वासात ती वेगळं काही बोलू शकली असती, आणि हे तिला नंतर कधीच नाकारता आलं नाही.

"हे खरंच आहे," ती म्हणाली. "मयतीचं वेगळं असतं, दोयॉन. दुःखात माणूस रीत पाळायला थोडंच बसतो? घरगुती म्हणजे घरगुती. आपण जाऊन बसलो तर त्यांनाच अवघड होईल. त्यातून आपण नारिंगीवाल्या."

"म्हणजे तूही नाही जाणार?"

"मी कशाला जाते? कपडे धुतेय."

"बरं झालं विचारलं. मी काळा ड्रेससुद्धा काढून ठेवला होता." दोयॉन एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "लिहून घेते हं."

मिरान दहा वाजून पाच मिनिटांनी दालनाच्या दाराशी होती.

दाराबाहेर पांढऱ्या शेवंतीची पुष्पचक्रं भिंतीला लागून उभी होती, प्रत्येकावर पाठवणाऱ्या कंपनीचं नाव असलेली पट्टी. आत बुटांचा खच पडला होता. म्हणजे अख्खी कंपनी लोटली होती. वहीत नाव लिहायच्या टेबलाशी प्यो साहेब उभे होते.

"आलीस," ते म्हणाले. "आणि ती दुसरी?"

मिराननं मान खाली घातली. "मी तिला म्हटलं होतं चल म्हणून. ती म्हणाली, येऊ नका असं लिहिलंय ना, मग शनिवार कशाला वाया घालवायचा."

"अस्सं," प्यो साहेब म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशाला वरून हात लावला, फोन आहे का बघावं तसा, आणि पुढच्या पाहुण्याकडं वळले.

फोटोतला म्हातारा कू साहेबांसारखाच दिसत होता, फक्त जास्त चांगला माणूस वाटत होता. मिरान दोनदा वाकली, कपाळ जमिनीला टेकवून. मग साहेबांपुढं वाकली. त्यांच्या दंडावर मयताच्या मुलानं बांधायची सुतकाची पट्टी होती, डोळे सुजले होते, दाढी वाढली होती.

"लिहिलं होतं ना, येऊ नका म्हणून," ते म्हणाले.

"हो साहेब. म्हणूनच आले."

साहेब तिच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जेवून जा."

ती जेवली नाही. तिनं कोट काढला, बाह्या दुमडल्या, स्वयंपाकाच्या खिडकीशी एक एप्रन मागून घेतला आणि कामाला जुंपली. लाल तिखट रश्श्याचे वाडगे, उकडलेल्या मांसाचे काप, तांदळाच्या वड्या, सुक्या मासळीच्या बशा. एक कुटुंब उठलं की टेबलावरचा प्लास्टिकचा कागद चारही टोकांनी उष्ट्यासकट गुंडाळायचा आणि नवा अंथरायचा. मधल्या वेळात दाराशी जाऊन बुटांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायची. साहेबांची मावशी तिला दोन वेळा इस्पितळाची भाडोत्री बाई समजली आणि चमचे नीट पुसत नाहीस म्हणून बोलली. मिराननं चमचे पुन्हा पुसले. संचालक आले तेव्हा त्यांच्या वाडग्यात तिनं मांस जास्त घातलं. रविवारी ती पुन्हा गेली. दोन दिवसांत तिला एकदाही दोयॉनची आठवण झाली नाही असं म्हटलं असतं तर बरं होतं. पण तसं नव्हतं. प्रत्येक कागद गुंडाळताना तिला ती आठवत होती आणि बरं वाटत होतं.

बुधवारी साहेब कामावर आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी आभाराचे डबे आणले होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाच्या टेबलावर सकाळीच प्यो साहेबांनी एकेक छोटा डबा ठेवला. पांढरा कागद, वर नाव, आत तांदळाची रंगीत वडी. मिरानच्या टेबलावर डबा होता. शेजारच्या टेबलावर नव्हता.

दोयॉन आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "अय्या, कुणाचा वाढदिवस?"

समोरच्या बाईंनी फोन उचलून कानाला लावला, फोन वाजला नव्हता तरी.

"ताई?"

मिरान खालच्या आवाजात म्हणाली, "मयतीचे आहेत. अगं, काय सांगू तुला. शनिवारी प्यो साहेबांनी मला फोन करून ओढून नेलं. माणसं कमी पडत होती. तुला कळवायलाही वेळ मिळाला नाही."

"बिचारी तू! दोन्ही दिवस?" दोयॉनचा चेहरा खरोखर पडला, मिरानसाठी. "मला बोलवायचं ना. मी आले असते गं."

"घे," मिराननं वडीचे दोन तुकडे केले आणि अर्धा तिच्यापुढं धरला. दोयॉननं तो खाल्ला. अख्खा विभाग मान खाली घालून बघत होता. न आलेली पोरगी मयतीची वडी मिटक्या मारत खातेय, हे दृश्य त्या मजल्यावर पुढं महिनाभर सांगितलं गेलं.

दुपारी दोयॉननं साहेबांच्या टेबलावर हातानं लिहिलेलं पत्र ठेवलं. आपले आजोबा गेले तेव्हा काय वाटलं होतं, असं काहीसं तिनं त्यात लिहिलं होतं. प्यो साहेबांनी पाकीट उजेडाकडं धरलं. "पत्र! कॅनडातून आलंय का?" सगळे हसले. त्यांचं बघून दोयॉनही हसली.

मग तिला गाळायला सुरुवात झाली. तिथं कुणी ओरडत नाही, कुणी कारण सांगत नाही. जेवायच्या वेळी सगळे एकदम उठायचे आणि तिला म्हणायचे, "तुझं चालू दे, आम्हाला वाटेत काम आहे." बैठकीची वेळ तिला बैठक संपल्यावर कळायची. तिनं पाठवलेला कागद कुणी उघडायचं नाही. तिनं चमचे मांडले की प्यो साहेब ते उचलून पुन्हा मांडायचे. आठवडाभरात तिचं दात दाखवणारं हसू गेलं. ती वही उघडून बसायची आणि वरून खाली वाचायची, गणित कुठं चुकलं ते शोधावं तशी.

"ताई, माझं काही चुकलंय का? खरं सांग. तोंडावर सांग."

"नाही गं. सगळे कामात आहेत," मिरान म्हणायची.

"साहेबांकडं गेले नाही म्हणून तर नाही ना?"

"छे! ते स्वतःच म्हणाले ना येऊ नका म्हणून."

चुऱ्याची कल्पना कू साहेबांनी "जरा व्यवस्थित मांडण्यासाठी" मिरानकडं दिली. शेवटच्या बैठकीत ती मिराननंच मांडली. आदल्या संध्याकाळी दोयॉन तिच्याजवळ बसून एकेक पान नीट करून देत होती. कुठं थांबायचं, कुठं लाह्यांची गोष्ट सांगायची तेही तिनंच सांगितलं. बैठकीत संचालकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "नाव काय म्हणालीस, मुली?" मिराननं नाव सांगितलं. मागच्या भिंतीशी उभी असलेली दोयॉन टाळ्या वाजवत होती.

आठव्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी कू साहेबांनी मिरानला काचेच्या खोलीत बोलावलं. प्यो साहेब आधीच बसले होते. टेबलावर निळी पट्टी होती, वर तिचा फोटो, तिचं नाव. मिरानला रडू येईल असं वाटलं. आईला फोन करताना पहिलं वाक्य काय म्हणायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

"बस," साहेब म्हणाले. "प्यो, दाखव तिला."

प्यो साहेबांनी फोन टेबलावर सरकवला. दोयॉनचा निरोप होता, त्या शनिवारचा, सकाळी नऊ वीसचा. *सर, मिरानताई म्हणते की येऊ नका असं लिहिलंय म्हणून आम्ही दोघीही येत नाही. हे बरोबर आहे ना? नाहीतर मी लगेच निघते.* खाली प्यो साहेबांचं उत्तर होतं: *तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.*

खोली थंड होती आणि मिरानच्या पाठीवरून घामाची धार निघाली.

"दहा वाजता तू प्योला काय सांगितलंस तेही मला त्यानं तेव्हाच सांगितलं," साहेब म्हणाले. आवाजात राग मुळीच नव्हता. "तू रस्सा वाढत होतीस आणि मी तुझ्याकडं बघत होतो. वडील फोटोत, आणि मी मनात म्हणतोय, पोरगी कामाची आहे."

"साहेब, मी…"

"माफी कशाला मागतेस? जागा तुझीच आहे."

"मग दोयॉनला सगळ्यांनी असं का…"

"आली नाही ना ती," प्यो साहेब म्हणाले. "कारण काहीही असो."

कू साहेब खुर्चीत मागं रेलले. "हे बघ. ती हुशार आहे, तुझ्याहून बरीच. पण हुशार पोरं दोन वर्षांत दुसरीकडं उडून जातात. तू कुठं जाणार? आणि उद्या मी तुला एखादी गोष्ट कर म्हटलं, तर तू नाही म्हणशील का?"

मिरान निळ्या पट्टीकडं बघत राहिली. आत्ता उठून बाहेर जावं असं तिच्या मनात आलं. तेही फार वेळ टिकलं नाही.

"नाही साहेब."

"कधी?"

"कधीच नाही."

"छान. पुढच्या उन्हाळ्यात दोन नवीन पोरं येतील. त्यांना तूच सांभाळायचं. जागा एकच असणार आहे." साहेबांनी पट्टी बोटानं तिच्याकडं ढकलली. "घाल. आणि बाहेर जाऊन तिला तूच सांग. कारण काय द्यायचं ते तुला सुचेल."

दोयॉन पाण्याच्या मशीनपाशी उभी होती. तिनं पट्टीचा निळा रंग बघितला आणि क्षणभर तिचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला. मग ती पुढं आली आणि तिनं मिरानला मिठी मारली.

"मला माहीतच होतं. ताई, दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर मी रडले असते. तुला मिळाली, बरं झालं." ती रडतच होती. तिनं पिशवीतून कॅनडाहून आणलेल्या गोळ्यांची शेवटची पुडी काढून मिरानच्या हातात कोंबली. "त्यांनी काही कारण सांगितलं का? माझं काय चुकलं?"

"म्हणाले, तू हुशार आहेस. इथं टिकणार नाहीस," मिरान म्हणाली. हे निदान खरं होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

दोयॉननं नाक पुसलं आणि पिवळी वही काढली. "सोमवारपासून मी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतींना सुरुवात करतेय. आता तू नसशील विचारायला. एकच सांग, मी सारखा तोच विचार करतेय. तिथं असं काही झालं, साहेबांच्या घरी मयत झाली आणि येऊ नका असं लिहून आलं, तर जायचं की नाही? तू सांगशील ते मी करेन."

काचेच्या खोलीतून कू साहेब आणि प्यो साहेब दोघींकडं बघत होते. त्यांना ऐकू जात नव्हतं. हे मिरानला माहीत होतं. जायचं, एवढाच शब्द होता. पण तो उच्चारला की दोयॉन पुढचा प्रश्न विचारणार होती, आणि त्याचं उत्तर मिरानला त्या पोरीच्या डोळ्यांत बघून द्यावं लागलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "लिहिलेलं असतं तसंच करायचं. कोण काही म्हणो, जायचं नाही."

"नक्की?"

"नक्की."

दोयॉननं मशीनवर वही टेकवली, नीट अक्षरांत ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग तिनं गळ्यातली नारिंगी पट्टी काढून मिरानच्या हाती दिली, कारण ती परत जमा करून घेणं हे आता मिरानचं काम होतं.